मीडिया प्लेअरचा रिमोट लांबून चालत नसेल तर

जवळ नेला की रिमोट चालतो, सोफ्यावरून दाबला की नाही. अशा वेळी बहुतेक घरांत आधी नवा रिमोट आणला जातो, आणि तो आणूनही फरक पडत नाही, कारण दोष बऱ्याचदा सिग्नल झेलणाऱ्या बाजूला असतो. आधी दोष कुठल्या टोकाला आहे ते शोधावं.

मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा. इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) रिमोट असेल तर पुढचा दिवा पडद्यावर जांभळट-पांढरा लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्याला सहसा फिल्टर असतो, त्यात तो दिसेलच असं नाही. काहीच दिसलं नाही तर सेल गेलेत किंवा रिमोट ब्लूटूथ वा यूएसबी डोंगलचा (यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरचा) आहे. त्याचं शेवटी बघू.

दिवा मंद असेल तर सेलना मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. नवा साधा सेल दीड व्होल्टच्या वर दाखवतो, 1.2 च्या खाली गेला की दोन्ही एकदम बदला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटीकडच्या पावसात रिमोटच्या स्प्रिंगांवर थर चढतो, मग नवे सेल घालूनही पुरता करंट मिळत नाही. स्प्रिंगा बारीक पॉलिश पेपरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाळल्यावरच सेल घाला. ठरावीक बटणंच अडत असतील तर मात्र रबराखालचे कार्बनचे ठिपके तपासायचे. त्याचा अंतराशी संबंध नाही.

दिवा झगझगीत असूनही पल्ला कमी असेल तर प्लेअरकडे वळा. पुढच्या काळ्या प्लास्टिकवरची संरक्षक फिल्म काढलेली नसते, किंवा बॉक्स शोकेसच्या गडद काचेमागे असतो. पश्चिमेकडे खिडकी असलेल्या हॉलमध्ये दुपारनंतर उन्हाची तिरीप प्लेअरच्या सेन्सरवर, म्हणजे सिग्नल झेलणाऱ्या भागावर, थेट येते. स्वस्त एलईडी ट्यूबही त्रास देते: ती बंद करून रिमोट चालला तर कारण सापडलं. सेन्सर सहसा 38 किलोहर्ट्झचे ठोके शोधत असतो. भोवती गोंगाट, म्हणजे नको असलेला प्रकाश, वाढला की तो आपली संवेदनशीलता आपणहून कमी करतो, आणि पल्ला आखडतो तो इथेच.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कोडी हे मीडिया प्लेअरचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी हे नीट वाचावं, कारण तिथे सेन्सर आपणच जोडतो. टीएसओपी 1738 हा सेन्सर पाच व्होल्टचा आहे, रास्पबेरी पायच्या 3.3 व्होल्टवर तो भरवशाने चालत नाही. टीएसओपी 4838 घ्या, तो 2.5 व्होल्टपासून चालतो. दोघांच्या पायांचा (पिनांचा) क्रम मात्र वेगळा: 1738 मध्ये क्रमाने ग्राउंड, सप्लाय, आउटपुट, 4838 मध्ये आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. जुन्याच्या जागी नवा तसाच खोचला तर सेन्सर जळू शकतो.

सप्लायच्या तारेत 100 ओहमचा रेझिस्टर घाला आणि सेन्सरच्या सप्लाय व ग्राउंडच्या पायांमध्ये 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन बाजू सप्लायला. तो पायांना चिकटूनच सोल्डर करा. बोर्डाकडे लावला तर तारेतला गोंगाट तसाच पोचतो. ही दोन-तीन रुपयांची जोडी वगळली जाते आणि मग दोष रिमोटला दिला जातो. सेन्सर टीव्हीमागून पुढे आणायचा तर लॅन केबलचा तुकडा चालतो, मीटरभर पुरे. ऊन पडत असेल तर सेन्सरभोवती काळ्या हीट श्रिंकची (गरम केल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकची) बोटाच्या पेराएवढी नळी बसवा, तोंड सोफ्याकडे.

आता डोंगलवाले. डोंगल 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतं, आणि यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क शेजारी लावली की तिचा गोंगाट त्याच पट्ट्यात पडतो. सिनेमा चालू असतानाच रिमोट अडतो त्याचं कारण हे. डोंगल यूएसबी 2.0 च्या भोकात, मीटरभराच्या एक्स्टेंशन केबलवर टीव्हीच्या कडेला आणून लावा. डिस्कची केबल चांगल्या शिल्डची घ्या. एचडीएमआय स्टिक (टीव्हीत थेट खोचायचा प्लेअर) टीव्हीच्या पत्र्यामागे दडलेली असेल तर सोबत आलेली छोटी एचडीएमआय केबल वापरून ती बाहेर काढा. वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेलं तर 2.4 वरच चालणाऱ्या ब्लूटूथ रिमोटलाही मोकळी जागा मिळते.