पट्टापुराण: तीन किलोचा कॅमेरा आणि एक ढिला स्क्रू

आमच्या वाण्याच्या काट्यावर कॅमेरा ठेवला तर आकडा आला तीन किलो आणि वर काही ग्रॅम. निकॉनचा डी७५००, बॅटरी-कार्डासकट ७२० ग्रॅम, आणि त्याला लावलेली २००-५०० मिलिमीटरची लेन्स कॉलरसकट (लेन्सला वेढणारी, खाली पाय असलेली कडी) २३०० ग्रॅम. काका हसून म्हणाले, "वहिनी, एवढे तांदूळ कोण गळ्यात घालून फिरतं का?" मी फिरत होते ना. तेही दोन वर्षं. आणि हे वजन खरं तर पट्टा घ्यायच्या आधी करायला हवं होतं, मी केलं कॅमेरा पडल्यानंतर.

तर झालं असं. सुरुवातीला माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेला गळ्यातला पट्टाच होता. किटची छोटी लेन्स होती तोवर त्याचं काही वाटलं नाही, पण पक्ष्यांचा नाद लागला, मोठी लेन्स आली आणि रविवारी सिंहगड व्हॅलीत दोन तास फिरून आलं की सोमवारी मान वळायची नाही. शाळेत फळ्याकडून मुलांकडे बघायचं तर अख्खी वळायचे, रोबोटसारखी. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सरळ विचारलं, गळ्यात काय अडकवता? मग ऑनलाइन शोधून एक स्लिंग पट्टा मागवला, साडेआठशे रुपयांचा, खांद्यावर जाड फोम, खाली एक कॅरॅबिनर (झडपेचा हूक) आणि ट्रायपॉडच्या भोकात बसणारा स्क्रू. कंपनीचं नाव सांगत नाही, तसले शंभर ब्रँड आहेत आणि मला तर सगळे एकाच कारखान्यातले वाटतात.

स्लिंग म्हणजे डाव्या खांद्यावरून तिरका, पोस्टमनच्या पिशवीसारखा, कॅमेरा उजव्या मांडीपाशी उलटा लटकतो, पक्षी दिसला की हात घालून वर ओढायचा, पट्टा खांद्यावर तसाच राहतो आणि कॅमेरा त्याच्यावरून सरकत डोळ्याशी येतो. पहिल्याच दिवशी मानेचं दुखणं अर्ध्यावर आलं. मी इतकी खूश की दोन मैत्रिणींना तोच घ्यायला लावला. (त्यांची नंतर माफी मागितली.)

जानेवारीत भिगवणला गेलो. उजनीचं पाणी, कुंभारगावची होडी, समोर रोहित पक्ष्यांचा थवा, सकाळचं कोवळं ऊन, सगळं जमून आलेलं. होडीवाला दादा बांबूने हळूहळू ढकलत होता. मी कॅमेरा मांडीवरून उचलायला हात खाली नेला आणि हाताला कॅमेरा लागायच्या आतच धप्प. आधी कळलंच नाही. खांद्यावर पट्टा आहे, पट्ट्याला कडी आहे, कडीला स्क्रू आहे आणि कॅमेरा पायाशी, होडीच्या तळाला साचलेल्या दोन बोटं पाण्यात. आणखी वीतभर बाहेर कललेली असते तर उजनीच्या तळाला. दादाने एकदा कॅमेऱ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाला, "ताई, धरणात गेला असता तर चिलापीनं सेल्फी काढला असता बघा." तेव्हा हसू आलं नाही. लेन्सच्या हूडला तडा गेला, पुढचा फिल्टर रिंगसकट वाकला, बाकी नशिबाने चालू राहिलं. नंतर मच्छीची थाळी समोर आली तरी माझं लक्ष त्या स्क्रूकडेच, हातात धरून फिरवत बसले होते.

घरी येऊन मात्र डोकं शांत करून बघितलं की झालं काय. पट्टा तुटला नव्हता. शिलाई उसवली नव्हती. बकल शाबूत. सगळं जाहिरात करतात त्या फोमची आणि कापडाची, आणि कॅमेरा पडला तो जोडापाशी. ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची असतो, एका इंचात २० आटे, म्हणजे एक पूर्ण फेरा फिरला की साधारण सव्वा मिलिमीटर बाहेर येतो. माझ्या स्क्रूचा आट्यांचा भाग पट्टीने मोजला तर जेमतेम साडेचार मिलिमीटर. साडेतीन फेरे! साडेतीन फेऱ्यांवर माझी सगळी बचत लटकत होती. आता तो आपोआप का फिरला, तर कॅरॅबिनर आणि स्क्रूच्या मध्ये एक फिरती कडी असते, कॅमेरा चालताना गरगरला तर ती फिरावी आणि स्क्रू जागेवर राहावा म्हणून. माझ्या कडीत भिगवणचा चिखल आणि त्याआधीची बरीच धूळ जाऊन ती पार जाम झालेली. मग कॅमेरा फिरला की पीळ जायचा थेट स्क्रूला. एका बाजूला फिरला तर घट्ट, दुसऱ्या बाजूला फिरला तर ढिला, आणि दिवसभरात कुठल्या बाजूला जास्त फिरला हे कोण मोजणार. शिवाय मध्ये रबराचा वॉशर असतो, तो दाबला जाऊन स्क्रू धरून ठेवतो, माझा इतका चपटा झाला होता की वॉशर आहे हेच विसरले होते.

नवरा म्हणाला, निळं थ्रेडलॉकर लाव, म्हणजे स्क्रू सुटू न देणारा गोंद, आमच्या मशीनला लावतो. लावलं असतं, पण मला अधूनमधून ट्रायपॉडही लागतो, दर वेळी ते खरवडत कोण बसणार. मग रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. तिथे नवा वॉशर मिळाला, मजबूत दोरी मिळाली, आणि एका दुकानातल्या काकांनी माझा तो कॅरॅबिनर हातात घेऊन नुसता अंगठ्याने दाबून दाखवला, जीभ वाकडी होऊन बाजूने निसटली. "हे किल्ल्या अडकवायचं आहे मॅडम." ट्रेकिंगच्या खऱ्या कॅरॅबिनरवर किती किलोन्यूटन झेपतं ते कोरलेलं असतं, आणि त्यातल्या लॉकवाल्यांना फिरवून बंद करायची नळी असते. माझ्यावर नुसती एक नक्षी होती.

मग नवा पट्टा शोधायला सुरुवात केली, आणि या वेळी रिव्ह्यू वाचायचे नाहीत असं ठरवलं कारण रिव्ह्यू लिहिणारे पहिल्या आठवड्यात लिहितात आणि स्क्रू सहाव्या महिन्यात निघतो. दुकानात जाताना पिशवीत एक लिटरच्या तीन भरलेल्या बाटल्या घेऊन गेले. तीन लिटर पाणी म्हणजे बरोबर तीन किलो. पट्ट्याला पिशवी अडकवायची आणि दुकानाच्या गल्लीत दहा मिनिटं चालायचं. दोन दुकानदारांनी वेड्यात काढलं, तिसऱ्याने चहा पाजला.

या चालण्यातून जे कळलं ते वाचून कळलं नसतं. एक तर जाड फोम म्हणजे आराम हे खोटं आहे. जाड पण अरुंद फोम खांद्याच्या हाडावर बसतो आणि कडेने रुततो, त्यापेक्षा पातळ पण रुंद पट्टा बरा, सीटबेल्टसारख्या विणीचा. दुसरं, खालची बाजू खरखरीत असेल तर पट्टा शर्टाला धरून बसतो आणि कॅमेरा वर उचलताना कुर्ता पण सोबत वर येतो, हे फक्त बायकांनाच कळेल. पूर्ण गुळगुळीत असेल तर उतारावर पट्टा पुढे सरकत सरकत मानेपाशी येतो आणि आपण परत फिजिओच्या दारात. आणि छातीवरून तो कुठून जातो हा प्रश्न तर डिझाइन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पडलेलाच नसतो. ब्लॅकरॅपिडने बायकांसाठी वेगळ्या वळणाचा पट्टा काढला होता, पण तो काही मला इथे हातात घेऊन बघायला मिळाला नाही.

शिलाई बघायला शिकवलं आमच्या कोपऱ्यावरच्या बॅग शिवणाऱ्या मामांनी. पट्टा दुमडून जिथे कडीत जातो तिथे चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिलाई हवी, नुसत्या दोन आडव्या टिपा असतील तर घेऊ नका म्हणाले, एक टीप सुटली की पाठोपाठ दुसरी सुटते.

शेवटी एका मित्राचा पीक डिझाइनचा पट्टा आठवडाभर उसना आणला. त्याला स्क्रूवर लटकणारी कडी नाही. छोट्या गोल टिकल्या असतात दोरीच्या फासासकट, फास कॅमेऱ्याला कायमचा आणि टिकली पट्ट्याच्या खाचेत खटकन बसते, काढताना दाबून सरकवावी लागते, चुकून निघत नाही. कंपनी एका टिकलीची ताकद ९० किलो सांगते. त्यातलं मला आवडलेलं वेगळंच, दोरी झिजली की वरचा काळा थर जाऊन आतला वेगळा रंग दिसतो, म्हणजे बदला असं ती स्वतःच सांगते. माझ्या स्क्रूने असं काही सांगितलं असतं तर!

पण खरा फरक पडला तो एका नव्हे, दोन जागी बांधल्याने. एका टोकाला लटकवलं की वस्तू गरगरते, दोन टोकांना बांधली की पाळण्यासारखी झुलते पण फिरत नाही, आणि फिरत नाही तर ढिलं व्हायचं कारणच उरत नाही. लेन्सच्या कॉलरच्या पायाला एक लांब आर्का प्लेट (ट्रायपॉडच्या खाचेत बसणारी धातूची पट्टी) बसवली, बोटाने नाही, ॲलन कीने पिळून, आणि तिच्या दोन टोकांना दोन फास. पट्टा लेन्सच्या पायाला का आणि कॅमेऱ्याला का नाही, तर जड लेन्स आहे, कॅमेऱ्याला धरून लटकवली तर सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स-कॅमेऱ्याच्या जोडावर येतो. आणि प्लेटही शेवटी एका स्क्रूवरच आहे हे मला माहितीये, म्हणून बोहरी आळीतल्या दोरीचा एक ढिला फास पट्ट्यापासून कॅमेऱ्याच्या वरच्या कडीपर्यंत. तो एरवी काहीच काम करत नाही. पिवळी दोरी आहे, दिसायला जरा गबाळी, नवरा तिला करगोटा म्हणतो.

तसाच नवा पट्टा जुन्याच्या सात-आठ पट महाग पडला. महिनाभर कुरकुर केली आणि घेतला.

पहिली परीक्षा पर्वतीच्या पायऱ्या, चढताना काही नाही पण उतरताना लेन्स गुडघ्याला ठोकत होती, मग पट्टा चार बोटं आखडला. आता दोन मापं ठरलीयेत, मोकळ्या रानात लांब, गर्दीत आखूड म्हणजे कॅमेरा पोटाशी येतो आणि एक हात त्याच्यावर राहतो. दर तासाला खांदा बदलते, नाहीतर मान सुटते आणि कंबर धरते. आणि निघताना प्लेट, कॉलरचा नॉब, टिकल्या, असं हात लावून बघते, गॅस बंद केला का बघतो तसं.

आषाढी वारीत दिवे घाटात गेले, माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी. सकाळी उतारावर बसून मोठ्या लेन्सने घाटाच्या वळणांवरची माणसांची रांग टिपली, मग लेन्स बॅगेत आणि छोटी लेन्स लावून खाली गर्दीत. पट्टा आखूड, पोटाशी. एका मावशींनी "माउली, जरा धरा" म्हणून डोक्यावरची तुळस माझ्या हातात दिली आणि पदर सावरायला लागल्या, आणि दोन्ही हातात वृंदावन घेऊन उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की कॅमेऱ्याचा विचार मनात आलाच नाही.

मग पाऊस आला आणि रेनकोट घातला. रेनकोटवर हा पट्टा टिकतच नाही, साबणासारखा घसरतो, सासवडपर्यंत दर पंचवीस पावलांना खांद्यावर ओढून घेत होते. फडताळात अंथरायची ती रबरी जाळी खालून शिवून बघितली, ती कुर्त्याला चिकटते. सध्या दोन सेफ्टी पिना लावून चालवतेय आणि रेनकोटला दोन भोकं पडलीयेत.