उजव्या जबड्यातली कळ : ट्रायजेमिनल न्युराल्जियाचा माझा अनुभव

दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, दाढेवर ठोकून बघितलं, थंड बोळा लावला, हिरडी तपासली आणि म्हणाले, "ताई, दाढ चांगली आहे. मी ती काढणार नाही. तुम्ही न्यूरॉलॉजिस्टला दाखवा." मी तर दाढ काढून टाका, एकदाची सुटका करा, असं सांगायलाच गेले होते. या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पुढे ओपीडीच्या बाकावर मला असे रुग्ण भेटले, ज्यांच्या एकीमागून एक दाढा गेल्या होत्या आणि कळ मात्र होती तिथेच होती.

ती कळ कशी होती ते नीट सांगते, कारण या आजाराचं, म्हणजे चेहऱ्याच्या नर्व्हमधून उठणाऱ्या या वेदनेचं, निदान मुख्यतः त्या वर्णनावरूनच होतं. कानाच्या पुढून निघून खालच्या ओठापर्यंत आणि हनुवटीपर्यंत विजेचा झटका जावा तशी. काही सेकंद, फार तर मिनिटभर, की संपली. मग पुढचा झटका येईपर्यंत काहीच नाही. हनुवटीच्या मध्याशी येऊन ती थांबायची, डावीकडे कधीच गेली नाही. झोपेत सहसा त्रास नसायचा. दात घासताना, पोळीचा पहिला घास चावताना, फोनवर बोलताना यायची. कांजूरमार्गहून सीएसएमटीला जाताना लेडीज डब्यात दाराजवळ जागा मिळाली की पूर्वी आनंद व्हायचा; आता गालाला वारा लागला की डोळ्यांतून पाणी यायचं. ओढणी गालाभोवती गुंडाळून आत उभी राहायचे. जेवण म्हणजे मऊ भात आणि ताक, तेही डाव्या बाजूने.

हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं : कुठून कुठे, किती वेळ, कशाने सुरू होते. अशी कळ ज्यांना येते त्यांनी डॉक्टरकडे जाण्याआधी हे जरूर लिहावं. पाच मिनिटांच्या तपासणीत तोंडी सांगताना निम्मं राहून जातं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढला. न्यूरॉलॉजीत मला आधी तपासलं ती रेसिडेंट डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची असेल. वही तिने शांतपणे वाचली. मग म्हणाली, "काकू, दुखण्याचा रस्ता एका बोटाने दाखवा." मी बोट गालाजवळून फिरवलं, पण टेकवलं नाही. टेकवायची हिंमतच नव्हती. तेवढ्यावरूनच तिने कागदावर काहीतरी लिहिलं.

मग बारा नर्व्हची तपासणी सुरू झाली. कवटीच्या आतून थेट चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे, कानांकडे आणि घशाकडे जाणाऱ्या या मज्जातंतूंच्या बारा जोड्या. मी विचारत गेले आणि ती मुलगी न कंटाळता सांगत गेली. डोळे मिटून एकेका नाकपुडीने कॉफीचा वास घेतला, ती पहिली. तक्त्यावरची अक्षरं वाचली, ती दुसरी. तिचं बोट चेहऱ्यासमोर फिरेल तशी नजर फिरवायची, त्यात तिसरी, चौथी आणि सहावी एकदम तपासल्या जातात. चौथी डोळ्याचा एकच स्नायू हलवते आणि ती बिघडली तर जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात, हे ऐकून मी थक्क झाले. एका स्नायूसाठी एक पूर्ण नर्व्ह!

माझी दुखत होती ती पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल नर्व्ह. तिच्या तीन फांद्या : एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. तिसरीत चावण्याच्या स्नायूंचे तंतूही असतात, म्हणून दात घट्ट आवळायला सांगून तिने माझ्या जबड्यावर हात ठेवला. कापसाची वात करून तिचं टोक डोळ्याच्या बुबुळाला हलकेच लावलं आणि दोन्ही डोळे आपोआप मिटले. स्पर्श पाचवीने पोचवला, पापण्या सातवीने मिटल्या. मग भुवया उंचावणं, दात दाखवणं हे सातवीसाठी. आठवीसाठी कानाजवळ ट्यूनिंग फोर्क, नववी-दहावीसाठी "आ" करून टाळू वर उचलली जाते का ते बघणं, अकरावीसाठी तिच्या हाताच्या दाबाविरुद्ध खांदे उडवणं आणि शेवटी बाहेर काढलेली जीभ सरळ येते का, ही बारावी.

सगळं नॉर्मल निघालं आणि मला धास्ती वाटली, आता हे माझ्या मनाचे खेळ ठरणार. मोठ्या डॉक्टरांनी ते ओळखलं असावं. म्हणाले, या आजारात तपासणी नॉर्मल येणंच अपेक्षित असतं. गाल बधिर सापडला असता तर आम्हाला गाठ किंवा दुसरा एखादा आजार शोधावा लागला असता. एमआरआय केला तो त्या शक्यता बाजूला काढण्यासाठी आणि नर्व्हजवळची रक्तवाहिनी बघण्यासाठी.

रक्तवाहिनीच निघाली. पाचवी नर्व्ह मेंदूच्या खोडातून बाहेर पडते, तिथे तिच्यावरचं आवरण नाजूक असतं. शेजारच्या धमनीचं एक वळण तिथे टेकलं होतं. प्रत्येक ठोक्याला ती तिथे धडकत राहते, आवरण झिजतं आणि साध्या स्पर्शाचे संदेश वेदनेच्या तंतूंत शिरतात. वाऱ्याने कळ का यावी, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

आधी गोळ्या. साधे पेनकिलर यावर चालत नाहीत. कार्बामाझेपिन हे फिटवरचं औषध १९६०च्या दशकापासून यासाठी वापरलं जातं. १०० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत नेलं. सुरुवातीला गुंगी यायची, भिंतीला धरून चालायचे, पण कळ इतकी उतरली की मी पोटभर भाकरी खाल्ली. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर लगेच या, असं दोनदोनदा बजावलं होतं, आणि अधूनमधून रक्तातलं सोडियम तपासायचं होतं. ही तपासणी कोणी टाळू नये. पुढे डोस वाढत गेला तसं माझं सोडियम घसरलंच, आणि ऑपरेशनचा विषय निघाला.

पर्याय नीट समजावले गेले. गालातून सुई घालून, कवटीच्या तळाशी जिथून तिसरी फांदी बाहेर पडते त्याच छिद्रातून आत जायचं आणि नर्व्हला उष्णता द्यायची. वय जास्त असेल किंवा मोठं ऑपरेशन झेपणार नसेल तर हे बरं, पण थोडा बधिरपणा राहतो. दुसरं म्हणजे कानामागे लहानशी खिडकी पाडून धमनी बाजूला उचलायची आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा. अमेरिकेतले न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा यांनी ही पद्धत रूढ केली. त्यांच्या रुग्णांपैकी साधारण ७० टक्के लोक दहा वर्षांनंतरही गोळीशिवाय वेदनामुक्त होते. मी हेच निवडलं. भीती होती ती सातवी आणि आठवीची, कारण त्या अगदी लागून असतात; ऑपरेशन चालू असताना ऐकण्याच्या नर्व्हवर यंत्राने लक्ष ठेवतात.

शुद्धीवर आले तेव्हा कोणीतरी म्हणत होतं, "काकू, डोळे घट्ट मिटा. आता दात दाखवा." मग उजव्या कानाजवळ बोटं चोळल्याचा आवाज आला. सातवी आणि आठवी, दोन्ही ठीक. पुढचे काही दिवस डोकं दुखलं, मळमळलं. ती कळ मात्र आली नाही. गोळ्या एकदम बंद केल्या नाहीत, कित्येक आठवडे थोड्या थोड्या उतरवल्या.

काहींना ती परत येते, हे मला आधीच सांगितलं आहे. आली तर गोळी पुन्हा सुरू करता येते, सुईचा मार्गही आहे. केसपेपर, वही आणि एमआरआयची सीडी मी एकाच पिशवीत ठेवली आहे.