परांग ला यंदा नाही, मग आता कुठं?

मंडळी, मागच्या वेळी यंदाच्या ट्रेकसाठी परांग ला (स्पितीतून लडाखला नेणारी खिंड; तिकडं ‘ला’ म्हणजे खिंड) पक्का म्हणून लिहिलं होतं. तो गेला. स्पितीतल्या किब्बर गावच्या घोडेवाल्याचा काल फोन आला, ऑगस्टअखेर खिंडीपलीकडं घोडे घालणार नाही म्हणाला. खिंड 5,580 मीटरची, तिचं त्याला काही वाटत नाही. अडचण पारेछू नदीची. हिमनदीचं वितळलेलं पाणी दुपारनंतर चढत जातं आणि लडाखातलं त्सो मोरीरी सरोवर गाठेपर्यंत ते पात्र ओलांडल्याशिवाय सुटका नाही. ‘सप्टेंबर अर्धा होऊ द्या, मग या,’ एवढंच म्हणाला. कुठल्याही ॲपपेक्षा मला त्याचा शब्द मोठा. याच पारेछूत 2004 मध्ये तिबेटात दरड कोसळून तळं तुंबलं होतं, आणि जून 2005 मध्ये ते फुटल्यावर किन्नौरमध्ये पूल वाहून गेले होते.

पण अर्धा सप्टेंबर आपल्याला जमायचा कसा? निम्मी टीम सोयाबीनवाली. मृगाचा पाऊस वेळेत आला तर पेरणी, कोळपणी, फवारणी उरकून ऑगस्टच्या मध्यावर हात मोकळे होतात, आणि सप्टेंबरअखेर काढणी डोक्यावर. अधिक ज्येष्ठामुळं यंदा पोळा सप्टेंबरात सरकलाय, हे नशीबच. पोळ्याला बैलापाशी असायचं आणि महालक्ष्म्यांना घर सोडायचं नाही, यावर कुणाचं दुमत नाही. म्हणजे 15 ऑगस्टनंतर निघून पोळ्याआधी घरी.

या दिवसांत हिमालयाचा दक्षिण उतार भिजलेला असतो. नांदेडच्या दादांना हेमकुंड साहिब गुरुद्वारा आणि व्हॅली ऑफ फ्लॉवर्स एकत्र करायचंय. हुजूर साहिबच्या गावचा माणूस, त्यांची ओढ मला पूर्ण कळते. फुलंही तेव्हाच भरात असतात. पण ऋषिकेशहून गोविंदघाटपर्यंतच्या रस्त्यावर दरडी कधी दोन दिवस अडकवतील याचा नेम नाही, आणि आपल्याकडं द्यायला जादा दिवस नाहीत. स्पितीहून किन्नौरला जाणाऱ्या पिन-भाबा खिंडीचंही तेच. स्पितीतली मुदकडची बाजू कोरडी, किन्नौरमधली काफनूकडची ओली.

राहिली ती पर्जन्यछाया. सह्याद्रीच्या छायेत आपण जन्म काढला, तिचे चटके आपल्याला माहीत आहेत. तिकडं लडाखात हीच गोष्ट ऐन पावसाळ्यात वाट उघडी ठेवते. आपल्या मराठवाड्यात वर्षाला सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, लेहला जेमतेम शंभर. तरी गाफील राहायचं नाही. ऑगस्ट 2010 मध्ये त्याच लेहवर रात्रीतून ढगफुटी झाली होती. तंबू नाल्याच्या पात्रात लावायचा नाही, मग जागा कितीही सपाट दिसो.

म्हणून आता लेहजवळचं मरखा खोरं. चढ समजूतदार आहे. स्किऊचा मुक्काम लेहपेक्षाही खाली, मग मरखा गाव, हांकर, आणि पुढं निमालिंगचा तळ साधारण 4,800 मीटरवर. शेवटी कोंगमारू ला, 5,200 च्या वर. गावागावांत होमस्टे, त्यामुळं घोड्यांचा प्रश्नच मिटतो. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात 500 पेक्षा जास्त वाढवायची नाही, हा नियम मी कुणासाठी वाकवणार नाही. हांकर ते निमालिंग ही एकच उडी त्यात बसत नाही, म्हणून मध्ये थाचुंगत्सेला तंबू टाकून दोन रात्री काढायच्या.

खरं घोडं अडलंय ते लेहला पोचण्यात. विमानानं गेलो तर संभाजीनगरच्या पावणेसहाशे मीटरवरून एका दिवसात थेट 3,500. तिथं दोन दिवस नुसतं पडून राहायचं, आणि तरी डोकं धरणारच. मनालीचा रस्ता सगळे सुचवतात, पण वाटेतला सरचूचा मुक्काम 4,300 च्या आसपास, लेहपेक्षाही उंच! सवय व्हायच्या आधीच तिथं रात्र काढायची हे मला पटत नाही. देवगिरीवर भरलेली सॅक घेऊन बारादरीपर्यंत न थांबता चढलो (जालन्याचा गडी सगळ्यांच्या पुढं, शाब्बास!), पण त्यानं दम वाढतो, पायांत ताकद येते. विरळ हवेची सवय फक्त विरळ हवेतच होते.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. श्रीनगरकडून का जाऊ नये? जून 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे सुरू आहे. आपली सचखंड एक्सप्रेस दीड दिवसात अमृतसरला सोडते, वाटेत लंगरचं जेवण मिळतं. तिथून जम्मूमार्गे कटरा. श्रीनगर 1,600 मीटर, कारगिल 2,700, मग लेह. झोजी ला आणि फोतू ला नुसते ओलांडायचे, तिथं झोपायचं नाही. विमानापेक्षा दिवस जास्त जातील, पण लेहला पडून राहण्यातला निदान एक तरी वाचेल. परभणीच्या सरांना रजेचं विचारायला हवं.

एक गोष्ट मात्र मनासारखी जमली. तुरीचं वरण घट्ट शिजवून, ताटात पसरून या उन्हात वाळवलं आणि मिक्सरला फिरवलं. उकळत्या पाण्यात घातलं की थोड्याच वेळात दाट, चवीला अगदी घरचं. निमालिंगच्या उंचीवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं, तिथं कच्ची डाळ शिजता शिजत नाही. थाचुंगत्सेच्या दोन रात्रींची सोय झाली. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. गॅसचा डबा लेहलाच घ्यायचा, रेल्वेत चालत नाही. ओढ्यांसाठी मागून पट्टा असलेल्या सँडलच आणा. रबरी चपला पाण्याच्या ओढीत पायातून निघतात.

सचखंडचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याआधी रस्ता ठरायला हवा. ऑगस्टमध्ये झोजी ला ओलांडलेलं कुणी असेल तर सांगा: श्रीनगरहून कारगिलची शेअर टॅक्सी पहाटे मिळते का, आणि दरड पडली तर सोनमर्गला रात्र काढायची सोय होते का?