गळालेले शून्य

आज दुपारी दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांची यादी एक्सेलमध्ये नीट लावताना न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका पत्त्यापुढे ८८२० असा चारच आकडी झिप कोड दिसला आणि माझा हात थांबला.

मूळ कोड ०८८२० आहे. पण एक्सेल त्याला संख्या समजते आणि सुरुवातीचे शून्य गाळून टाकते. आपला सहा आकडी पिनकोड शून्याने सुरू होत नाही, म्हणून ही चूक आजवर माझ्या ध्यानातच आली नव्हती.

गेल्या वर्षी तिथल्याच एका आजींनी फोनवर विचारले होते, “यंदा अंक पाठवला नाही का रे?” तेव्हा मी टपालाला दोष देऊन मोकळा झालो होतो.

रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मग कोड भरले की शून्य टिकते. संध्याकाळपर्यंत परदेशातले सगळे पत्ते तसे दुरुस्त केले. आजींचा अंक या शून्यापायीच अडकला असेल का?