उजनीच्या काठावर ब्रेड, लीडर आणि एक गाठ

मासे धरायला गेलो आणि पहिल्याच कास्टला, म्हणजे गळ फेकताच, रीलवर दोऱ्याचं घरटं झालं. ल्यूर, म्हणजे नकली आमिष, दहा फुटांवर धप्पकन पडलं आणि बेटकास्टरच्या (फेकताना स्पूल, म्हणजे दोऱ्याची चकरी, स्वतः फिरते त्या रीलच्या) स्पूलवर कावळ्यानं काड्या रचाव्यात तसा ब्रेडचा, म्हणजे विणलेल्या दोऱ्याचा, गुंता. सूर्य अजून उगवायचा होता. शेजारी राहणारे मामा थर्मासमधला चहा ओतत म्हणाले, "काय बे, इतक्या लांब येऊन दोराच सोडवत बसणार का?"

फेब्रुवारीतला रविवार होता. सोलापुरातून पहाटे साडेतीनला बाईकवर निघालो. मोहोळ, टेंभुर्णी, तिथून करमाळ्याच्या रस्त्याला लागून कंदर आणि पुढं कुगावच्या बाजूचं उजनीचं बॅकवॉटर. टेंभुर्णीपर्यंत ९० किलोमीटरच्या आसपास हायवे आहे, त्रास नाही. पुढं मात्र ऊसतोडीच्या दिवसांत सांभाळा: ट्रॉल्यांना मागं लाल दिवा असेलच असं नाही, आणि अंधारात ऊस दिसतो तेव्हा तो जवळजवळ हँडलवर आलेला असतो. खायला कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही बरोबर ठेवा. काठावर सकाळी आठच्या आत काही मिळत नाही.

पोचल्यावर आधी होडीवाल्यांना विचारलं. पोट त्यांचं या पाण्यावर आहे, जाळी कुठं लावलीत तेही त्यांनाच ठाऊक. परवानगीचं तिथंच विचारून घ्या आणि जाळ्यांच्या खुणांपासून लांब उभे राहा. धरण तेव्हा मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यात, गेलेलं नव्हतं, पण पाणी बरंच मागं सरकलं होतं. १९८० साली धरण झालं तेव्हा बुडालेल्या गावांचे दगड, बांध, वेड्या बाभळीची खुंटं अशा वेळी पाण्याच्या जरा खालीच असतात. मरळ अशाच अडचणीत बसते. आणि ब्रेड अशाच अडचणीत तुटतो.

लीडर, म्हणजे ब्रेडच्या टोकाला ल्यूरच्या आधी जोडलेला दुसरा दोरा, लावायचा तो एवढ्यासाठी. ब्रेड जाडीच्या मानानं फार मजबूत, पण ताणावर असताना दगडाच्या धारेला घासला की क्षणात जातो, शिवाय तो जवळजवळ ताणलाच जात नाही. नायलॉन किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर घासणं सोसतो. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसतो, पण बुडतो. म्हणून पाण्यावर चालणाऱ्या बेडकाच्या ल्यूरला मी नायलॉनच लावतो. दाट शेवाळात तर लीडरच नको, सरळ ब्रेड बांधा.

आता त्या घरट्याबद्दल. रात्री घाईत मी ब्रेड आणि लीडर जोडायला डबल युनी नावाची गाठ बांधली होती आणि लीडर ठेवला होता दोन मीटरचा. गाठ मजबूत होती, चूक जागेची होती. लीडर रॉडपेक्षा लांब असला की कास्टच्या वेळी गाठ स्पूलवर असते. स्पूलवरचा अंगठा उचलताच स्पूल सुसाट फिरायला लागतो आणि नेमकी तेव्हाच ती जाड गाठ लेव्हल वाइंडच्या (दोरा स्पूलवर सारखा पसरवणाऱ्या भागाच्या) बारीक भोकातून जाते. दोरा क्षणभर अडतो, स्पूल अडत नाही. मागून येणाऱ्या दोऱ्याला जायला जागा नाही, झालं घरटं. स्पिनिंग रीलला ही अडचण एवढी जाणवत नाही, कारण तिथं दोरा सुटताना स्पूल फिरत नाही. बेटकास्टरवाल्यांनी एक तर लीडर अर्ध्या मीटरचा ठेवावा, म्हणजे गाठ रॉडच्या टोकाबाहेरच लोंबते, नाहीतर लांब लीडर हवा असेल तर एफजी नावाची बारीक गाठ शिकावी. मधला मार्ग मी करून बघितला, तो नको.

एफजीत लीडरला फास नसतो, तो सरळच राहतो. ब्रेड त्याच्यावर आळीपाळीनं वरून-खालून विणला जातो, साधारण वीस वेढे, एकमेकांना चिकटून. म्हणून ती बारीक राहते. पण विणताना ब्रेड सतत ताठ हवा, आणि वाऱ्यावर, दोनच हातांनी तेच जमत नाही. बोटाला गुंडाळलात तर कातडी कापेल. दातात धरतात लोक, मी एकदा धरला होता, पुन्हा नाही.

मामांची हयात सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर गेली. दोन वेळा माझी वीण सुटलेली बघून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "ताणा ढिला पडला की कापड गेलं," म्हणाले (ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे) आणि रॉड स्वतःच्या हातात घेतला. ब्रेडचं मोकळं टोक बाईकच्या लेग गार्डला चार वेढे देऊन अडकवलं, ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट केला, रॉड वाकेल इतका ताण धरला आणि जागचे हलले नाहीत. मी ताठ ब्रेडवर लीडर वरून-खालून घालत गेलो. वीस झाल्यावर ब्रेडच्या टोकाच्या दोन अर्ध्या गाठी, दोन्ही दोऱ्यांभोवती.

इथं घाई करू नका. गाठ थुंकीनं नीट ओली करा, मग सावकाश, जोर लावून ओढा. कोरडी ओढलीत तर घर्षणाच्या उष्णतेनं ब्रेड आतून कमजोर होतो. वेढे लीडरमध्ये रुतले की त्यांचा रंग गडद झालेला दिसतो. रंग बदलला नाही तर गाठ बसलेली नाही, सोडून पुन्हा बांधा. त्यानंतर लीडरचं उरलेलं टोक अगदी जवळून कापा आणि नुसत्या ब्रेडवर आणखी चार-पाच अर्ध्या गाठी द्या, म्हणजे कापलेलं टोक गाईडमध्ये (रॉडवरच्या कड्यांत) टोचत नाही. ब्रेडला नेलकटर चालत नाही, धारदार कात्री न्या. लायटरची सवय असेल तर सोडा, ज्योत जवळ गेली तरी ब्रेड वितळतो.

दुसऱ्या घरट्याचं कारण वेगळं होतं, तेही सांगून टाकतो. अॅल्युमिनियमच्या नुसत्या स्पूलवर ब्रेड गुंडाळला होता, तो जोर आला की आख्खाच्या आख्खा फिरायचा. तळाशी पाच-सहा मीटर नायलॉन द्या, नाहीतर इलेक्ट्रिकची टेप लावा. आणि ब्रेड फार बारीक घेऊ नका, स्वतःच्याच वेढ्यांत रुततो. माझा पीई १ होता (पीई म्हणजे ब्रेडच्या जाडीचा क्रमांक), आता २ घेतलाय.

नऊच्या सुमारास खुंटाशेजारी मरळ लागली, दीड किलोच्या आतबाहेर. तिनं दोनदा दगडाखाली नेलं. वर काढली तेव्हा लीडर हातभर खरखरीत झाला होता, गाठ जशीच्या तशी.

साडेदहाला वारा सुटला आणि लाटा आल्या. होडीवाले आत न्यायला तयार होते, आम्ही नाही म्हटलं. मे २०२४ मध्ये याच कुगाव-कळाशी पट्ट्यात वादळात बोट उलटून सहा माणसं गेली. जायचंच असेल तर लाइफ जॅकेट घालून आणि वारा पडलेला असताना जा. ब्रेडचे कापलेले तुकडे मामांनी वेचून खिशात घातले, पक्ष्यांच्या पायात अडकतात म्हणून. मरळ त्यांच्या घरी गेली. मला संध्याकाळी वाटीभर रस्सा आला, त्यात तुकडा एकच होता.