वादळाचा डोळा

परवा वाडीत पाणी सोडताना आप्पांनी (माझे सासरे) पुन्हा तोच प्रश्न काढला. "काय गं, वादळ आलं समुद्रातून, मग निम्म्या पोफळी समुद्राकडे तोंड करून कशा पडल्या?"

आमची वाडी दिवेआगरला. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ इथे आलं. सकाळी वारा डोंगराकडून होता, त्यामुळे आप्पा निर्धास्त. "समुद्राकडून येऊ दे, मग बघू." दुपारी वारा फिरला, पश्चिमेकडून ताशी शंभराच्या वर सुटला, आणि उरलेल्या पोफळी घराकडे कलंडल्या. संध्याकाळी बघितलं तर खोडं एकमेकांवर कैचीसारखी पडलेली. चाळीस-चाळीस वर्षांची झाडं.

यंदा मी एक सोललेला रोठा (आमच्याकडची सुपारी) ओटीवर ठेवला. म्हटलं, हा वादळाचा मधला डोळा. आपल्याकडे वारा त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट फिरतो. डोळा नैर्ऋत्येला असेपर्यंत आपल्याला वारा जमिनीकडून लागतो. तो आपल्या उत्तरेकडून आत गेला की समुद्राकडून. मी रोठा सरकवत नेला, बोट गोल फिरवत. आप्पांनी मान हलवली, पटल्यासारखी.

"पण एवढा जोर कुठनं येतो?" तापलेल्या पाण्यातनं. साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर समुद्र तापला की वाफ चढते, वर जाऊन तिचे ढग होताना उष्णता सुटते, हवा आणखी वर उचलली जाते, खालचा दाब उतरतो आणि चहूकडची हवा आत धावते. आषाढात पाऊस एवढा असूनही चक्रीवादळं बहुधा का होत नाहीत, हे मलाही उशिराच कळलं: तेव्हा खालचा वारा एकीकडे आणि वरचा दुसरीकडे जोरात वाहतो, म्हणून वर चढणाऱ्या हवेचा तो खांब सरळ उभाच राहत नाही. म्हणून आपली भीती मे-जूनची आणि दिवाळीच्या आसपासची.

२०१९च्या दिवाळीतलं क्यार तर महाचक्रीवादळ होतं, निसर्गपेक्षा कितीतरी मोठं. ते रत्नागिरीसमोरून पश्चिमेला वळलं आणि भर समुद्रातच विरलं. कोरडी हवा आत शिरली, की नाहीतर वादळानेच खालचं गार पाणी ढवळून वर आणलं, की त्याचं इंधन तुटतं. निसर्ग जमिनीवर चढलं, वाफ बंद झाली, सह्याद्रीत अडखळलं आणि दुसऱ्या दिवशी नुसता कमी दाब उरला. म्हणजे आमची वाडी त्याच्या शेवटच्या जोमात सापडली.

"छोटंच होतं म्हणतेस?" आप्पा.

"क्यारच्या मानाने, हो."

ते काही बोलले नाहीत. ओटीवरचा रोठा उचलला, अडकित्त्यात धरला आणि वादळाचा डोळा बारीक कातरून पानात घातला.