पैसे द्यायला तयार आहोत, पण कुणाकुणाला?

कुठला सिनेमा कुठल्या ॲपवर आहे हे शोधण्यातच आजची संध्याकाळ गेली. आईला एक जुना मराठी सिनेमा बघायचा होता. आम्ही वर्गणी भरतो त्यातल्या एकाही ॲपवर नाही. जिथं आहे तिथं वर्षाचंच पॅकेज. भाचा म्हणाला, "मामा, ग्रुपवर लिंक आलीया, लावू काय?"

चोरीच्या लिंकचा मोह झालाच. पण नको म्हटलं. सिनेमा चोरून रेकॉर्ड करणाऱ्याला सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनं 3 वर्षांपर्यंत कैद आहे, पण कारण ते नव्हतं. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी याच आमच्या कोल्हापुरात स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला, 1929 ला 'प्रभात' फिल्म कंपनी इथंच उभी राहिली. स्टुडिओत राबून घर चालवलेली माणसं आपल्याच गल्ल्यांत राहिली. त्यांचं काम फुकटात कसं बघायचं?

कंपन्यांचंही चुकतंय. हक्क ठरावीक मुदतीसाठी विकले जातात, मुदत संपली की सिनेमा गायब, नाहीतर दुसऱ्याच ॲपवर. प्रेक्षकानं किती ठिकाणी पैसे भरायचे? जुन्या मराठी सिनेमांना तरी सुट्टं भाडं ठेवा: एक सिनेमा, एकदाच पैसे. आम्ही आनंदानं भरू.